कर्ण्यातून फाटत येणारा आवाज घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कसा आणायचा

डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, देवळासमोर रंगलेली असते आणि आपण दोन वाड्या पलीकडे अंथरुणात असतो. शब्द पुरते कळत नाहीत, पखवाज जवळजवळ नाहीच, पण कर्ण्यातून, म्हणजे भोंग्याच्या लाउडस्पीकरमधून, येणारा बुवांचा चढा सूर नेमका पोचतो. थोडा फाटलेला, थोडा नाकातून आल्यासारखा, आणि ओळ संपली की तिचं शेपूट समोरच्या डोंगरावरून परत येतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आपल्या गाण्यात तो हवा असला की मात्र बहुतेक जण एकच करतात. गायकाच्या ट्रॅकवर 'टेलिफोन' नावाचा प्रीसेट, म्हणजे तयार जुळणी, टाकतात, डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडण्याचं, बटण उजवीकडे फिरवतात आणि कानाला टोचणारा पातळ आवाज ऐकून वैतागतात.

कर्ण्याचा आवाज एका बटणात मिळत नाही, कारण तो एका जागी तयारच होत नाही. माइक, मशीन, वायर, युनिट, कर्णा आणि मधली हवा या रांगेतून तो येतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच्यातलं काहीतरी गळतं आणि काहीतरी चिकटतं. तीच रांग त्याच क्रमाने कॉम्प्युटरवर उभी केली तर ऑडासिटीसारख्या फुकटच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही काम होतं. क्रम बिघडला तर महागडं प्लगइनही (सॉफ्टवेअरला जोडायचा इफेक्ट) हात टेकतं.

रांगेत काय काय असतं

बुवांच्या ओठांना जवळजवळ टेकलेला डायनॅमिक माइक. माइक इतका जवळ आला की आवाजातला खर्ज फुगतो. तिथून आवाज मशीनमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये जातो. त्याचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते, साउंडवाल्याने 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणताना लावलेला असतो आणि गजर सुरू झाला की बुवा त्याच्या कितीतरी वर जातात. पहिली फाट तिथेच पडते. पुढे १०० व्होल्टच्या लाइनवर लांबलचक वायर. या लाइनच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात आधी दमतो. माइकपाशी फुगलेला खर्ज इथे पुन्हा फाटतो. मग कर्ण्याच्या मागे बसवलेल्या युनिटचा पातळ पडदा, आणि शेवटी कर्णा. त्याच्या आतली वाट दुमडलेली असते. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं आणि पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं बाहेर सोडत नाही, मधल्या पट्ट्यात मात्र दोन-तीन ठिकाणी चांगलाच ठणकतो.

म्हणजे खर्जाने आवाज फाडला आणि मग कर्ण्याने खर्जच काढून टाकला. आपल्या कानापर्यंत फाट येते, ती ज्याने पाडली तो येत नाही. टेलिफोन प्रीसेट आधी लावून मग डिस्टॉर्शन टाकलं की आवाज बेगडी का वाटतो, ते इथे कळतं. फाडायला लागणारा खर्ज तुम्ही आधीच फेकून दिलेला असतो.

रेकॉर्डिंग स्वच्छ करा, गाणं मात्र कर्ण्याचं गा

माइक साधा डायनॅमिक असला तरी उत्तम. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा, पॉप फिल्टर लावा. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठी ओळ वजा १२ डीबीच्या आसपास राहील असा गेन ठेवा. 'नाहीतरी फाडायचाच आहे' म्हणून इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) लाल दिवा पेटवू नका. तिथे कापली गेलेली लहर परत मिळत नाही, आणि इंटरफेसची ती फाट कडक, काचेसारखी असते. मशीनची फाट तशी नसते.

खोलीचा आवाज मात्र नेहमीपेक्षा जास्त जपायला लागतो. पुढे आपण आवाज दाबणार आणि फाडणार, त्यात बारीक आवाज मोठे होतात. एरवी ऐकूही न येणारा पंखा, रातकिड्यांची किरकिर, समुद्राची गाज, सगळं दोन शब्दांच्या मधून डोकं वर काढतं. माजघरात दोन कोपऱ्यांना दोरी बांधून गोधड्या टांगा आणि त्यांच्याकडे पाठ करून गा. माइक तुमच्या तोंडाकडे पाहतो, म्हणजे तुमच्या मागचं ऐकतो, म्हणून गोधडी माइकच्या मागे लावण्यापेक्षा गायकाच्या मागे लावणं जास्त कामाचं. पत्र्याची पडवी असेल तर जून ते सप्टेंबर पाऊस थांबल्यावरच माइक सुरू करायचा, दुसरा उपाय नाही. ५० हर्ट्झची घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अर्थिंग धड नसलेल्या घरांत एवढ्यानेच ती बऱ्याचदा जाते.

कंडेन्सर माइक वापरत असाल तर किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओल धरलेला कॅप्सूल चुरचुर आवाज करतो, आणि ती चुरचुर आपल्याला हव्या असलेल्या खरखरीसारखी अजिबात नसते.

आता गाणं. या सगळ्या लेखातली निम्मी किमया इथे आहे. कर्ण्यातला माणूस मोकळ्या अंगणात, रात्री, शे-दोनशे लोकांसमोर, समोरच्या बुवाला उत्तर देत गात असतो. बिछान्यावर बसून, शेजारी जागे होतील म्हणून दबकत गायलेली ओळ कितीही फाडा, ती दबकलेलीच ऐकू येते. उभे राहा. पट्टी एक-दोन स्वरांनी चढवा. शब्दांची व्यंजनं ठोकून म्हणा, कारण पुढे वरची फ्रिक्वेन्सी कापली की आधी तीच पुसट होणार आहेत.

शक्य असेल तर गायकाच्या हेडफोनमध्ये फाटलेलाच आवाज द्या आणि ट्रॅकवर स्वच्छ आवाज नोंदवा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर लावलेले इफेक्ट फक्त ऐकण्यापुरते चालतात, फाइल कोरी राहते. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणा, ४८ हजारांच्या रेटला तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतो आणि उशीर जाणवत नाही. कानात फाटका आवाज ऐकणारा गायक आपोआप मोठ्याने, लांब स्वर धरून गातो. समजावून सांगून हे होत नाही.

साखळी, एकेक कडी

पहिलं काम झाडलोट. ओळींच्या मधल्या रिकाम्या जागा हाताने कापा. गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट, लावून भागतं, पण गेट श्वासही खातो आणि बुवाचा श्वास ऐकू यायला हवा. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर पाच ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान डी-एसर लावा, आत्ताच. फाटल्यानंतर 'स' आवरत नाही.

मग कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा इफेक्ट. फाट किती पडेल हे आवाजाच्या पातळीवर ठरतं. कंप्रेसर नसेल तर हळू ओळी स्वच्छ राहतात आणि मोठ्या ओळी एकदम फुटतात. रेशो आठास एक, अटॅक दोन-तीन मिलिसेकंद, रिलीज साठच्या आसपास, आणि मोठ्या ओळीवर काटा आठ ते दहा डीबी खाली जाईल एवढा थ्रेशोल्ड. ऐकताना आवाज सपाट, कंटाळवाणा वाटेल. वाटू द्या.

तिसरी कडी म्हणजे फाडण्याआधीची गाळणी, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवा. हाय-पास (कटाच्या खालचं अडवणारी गाळणी) लावा आणि त्याचा कट १५० ते ३५० हर्ट्झच्या मध्ये फिरवत राहा. १५० वर ठेवला तर भरपूर खर्ज आत जातो, तो मधल्या स्वरांना स्वतःसोबत हलवतो आणि आवाज घोगरा, चिखलासारखा फाटतो. ३५० वर नेला तर फाट वरवरची राहते आणि शब्द कळतात. अभंगाचा शब्द कळायला हवा असेल तर ३०० च्या वर, नुसता 'लांबून भजन चाललंय' एवढाच भास हवा असेल तर २०० च्या खाली. डिस्टॉर्शनचं बटण न हलवता केवळ या एका कटाने चार वेगळी पात्रं मिळतात. त्यासोबत हजार ते दोन हजार हर्ट्झमध्ये रुंद असा पाच-सहा डीबीचा उठाव द्या. मशीनवर बेस कमी आणि ट्रेबल जास्त ठेवणाऱ्या साउंडवाल्याचा हात तुम्ही इथे भरून काढता.

चौथी कडी, प्रत्यक्ष फाट. ऑडासिटीच्या डिस्टॉर्शन इफेक्टमध्ये सॉफ्ट क्लिपिंग, हार्ड क्लिपिंग, ओव्हरड्राइव्ह असे प्रकार दिलेले आहेत. रीपरमध्ये जेएस नावाच्या छोट्या प्लगइनांत असेच पर्याय सापडतात. मशीनसाठी सॉफ्ट क्लिपिंगपासून सुरुवात करा. एकदाच खूप फाडण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं फाडा, पहिल्यांदा मऊ, दुसऱ्यांदा जरा कडक. खऱ्या रांगेतही दोन ठिकाणी फाट पडलेली असते. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा पर्याय असेल तर चालू करा. तो नसला तर फाटलेल्या वरच्या स्वरलहरी उलट फिरून खाली येतात आणि सुराशी नातं नसलेली धातूसारखी किणकिण देतात. लांब धरलेल्या 'आ' वर ती लगेच पकडता येते.

इथे एक फसगत सांभाळा. फाडलेला आवाज मोठा होतो आणि कानाला मोठं ते चांगलं वाटतं. प्रत्येक बदलानंतर आउटपुट कमी करून इफेक्ट चालू-बंद करा, दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा हवा. तेव्हाच ठरवा.

पाचवी कडी, कर्णा. हजार हर्ट्झचा स्वर फाटला की तीन हजार, पाच हजार, सात हजारवर नव्या लहरी उगवतात. खऱ्या कर्ण्याने त्या बऱ्याचशा अडवल्या असत्या. म्हणून दुसरी गाळणी: ३५० ते ४०० हर्ट्झवर हाय-पास, साडेचार-पाच हजारांवर लो-पास (वरचं अडवणारी गाळणी), दोन्ही तीव्र उताराचे, म्हणजे २४ डीबी प्रति सप्तक. मग ठणका. ईक्यूचा, म्हणजे निवडलेली फ्रिक्वेन्सी वर-खाली करणाऱ्या इफेक्टचा, एक पट्टा अगदी अरुंद करा, दहा डीबी वर उचला आणि ७०० पासून ३५०० पर्यंत सावकाश सरकवत न्या. कुठेतरी आवाज डब्यात शिरल्यासारखा होईल. तिथे थांबा, उठाव पाच-सहा डीबीवर आणा. असे दोन किंवा तीन ठणके पुरेत, आणि ते एकमेकांच्या सरळ पटीत नकोत. सुबक अंतरावरचे ठणके वाद्यासारखे ऐकू येतात, पत्र्यासारखे नाहीत.

लो-पास किती खाली आणायचा याला मर्यादा आहे. टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा, आणि त्या पट्ट्यात 'स' आणि 'फ' यांतला फरक पुसट होतो. गाण्यात 'सखा' आणि 'फुका' असे शब्द लागोपाठ असतील तर चार हजारांच्या खाली न गेलेलं बरं.

आता हवा. ट्रॅक मोनो ठेवा. जत्रेत एक कर्णा देवळाच्या छपरावर आणि दुसरा पुढे वाटेवरच्या माडाला बांधलेला असतो. वायरमधून दोघांना आवाज एकाच क्षणी मिळतो, तुमच्या कानाला मात्र नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ४० मीटरच्या फरकाला सुमारे ११५ मिलिसेकंद. तेवढाच डिले लावा, एकच पुनरावृत्ती, मूळपेक्षा आठ-दहा डीबी खाली, आणि त्या पुनरावृत्तीवर अडीच हजारांचा लो-पास. डोंगर हवा असेल तर समोरचा उतार १०० मीटरवर धरा. जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे ५७० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि आणखी मंद. दोन्ही एकदम लावले तर शब्दांचा गोंधळ होतो. वेगवान गजरात पहिला, संथ अभंगात दुसरा. रिव्हर्बचे 'हॉल' वगैरे प्रीसेट मुळीच नकोत, भातशेतीच्या कोपऱ्यात हॉल नसतो.

खरा कर्णा मिळाला तर

मंडपवाल्यांचं सामान पावसात कपाटात पडून असतं. ओळख असेल तर जुनं मशीन आणि एक कर्णा दोन दिवसांसाठी मागून आणा. मग वरची चौथी-पाचवी कडी प्लगइनने करायची गरजच नाही. स्वच्छ ट्रॅक इंटरफेसच्या आउटपुटमधून मशीनच्या ऑक्स किंवा लाइन इनपुटमध्ये द्या, मशीन तापू द्या, कर्ण्यातून वाजवा आणि माइकने पुन्हा नोंदवा. उलटी जोडणी कधीही करू नका. मशीनचं स्पीकर आउटपुट, आणि त्यातही १०० व्होल्टची लाइन, इंटरफेसच्या इनपुटला लावली तर इंटरफेस गेला म्हणून समजा. मशीन चालू असताना त्या टोकांना हात लावू नका, झटका खरा असतो.

दोन माइक असतील तर एक कर्ण्यापुढे मीटरभरावर, पण तोंडाच्या बरोबर मध्ये न ठेवता थोडा कडेला. दुसरा अंगणाच्या पार टोकाला. ही कामं सकाळी लवकर उरका. दुपारी खारा वारा सुटला की माइकमध्ये नुसती फडफड भरते आणि स्पंजची टोपीही पुरत नाही. ट्रॅकच्या सुरुवातीला एक टाळी किंवा छोटी बीप घाला, तिच्यावरून नवा ट्रॅक मूळ ट्रॅकला जुळवता येतो. कायद्याची बाजूही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. म्हणून मोठ्याने वाजवायची गरजच पडू देऊ नका. मशीनच्या त्या इनपुटचा गेन वर आणि मास्टर खाली ठेवला तर फाट गेनमध्येच पडते आणि कर्णा बोलण्याइतक्या आवाजातही पुरेसा घोगरा होतो. वाडीला शिमगा वाटायला नको.

कर्णा नसेल तर घरातला कुठलाही टाकाऊ स्पीकर चालतो. स्टीलच्या पातेल्यात उपडा ठेवलेला स्वस्त ब्लूटूथ स्पीकर फार सुंदर ठणकतो. जुना तारेचा इअरफोन माइक म्हणूनही वापरता येतो, कारण त्याचा पडदा आणि गुंडाळी उलट्या दिशेनेही काम करतात. इंटरफेसला जोडण्याआधी फँटम पॉवर, म्हणजे माइकला जाणारी वीज, बंद आहे ना ते बघा आणि गेन बराच वाढवा.

रेडिओ, कॅसेट, व्हॉइस नोट

याच साखळीत थोडे फरक करून हे तिन्ही मिळतात. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे आवाज साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास संपतो. इथे खर्ज कर्ण्याइतका कापू नका, १५० पर्यंत राहू द्या. फाट अगदी कमी ठेवा, आणि पातळी काही सेकंदांच्या अंतराने सावकाश वर-खाली करा, रात्री दूरचं केंद्र लावल्यावर होते तशी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते आणि ती चाल पूर्ण सारखी नसते. त्यामुळे सूर किंचित डुलतो. सेकंदाला एखादा डोल, आणि तोही लक्ष देऊन ऐकल्यावरच कळेल एवढा. वरचा कट दहा हजारांच्या आसपास, फाट मऊ, खाली सतत फूऽऽ. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट प्लगइनने नक्कल करण्यात अर्थ नाही. ट्रॅक स्पीकरवर वाजवून फोनने खरीच नोट स्वतःला पाठवा आणि ती ओपस फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून घ्या.

बिटक्रशर अनेकांना आवडतो. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, ८००० चा सॅम्पल रेट म्हणजे चार हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज. तो जुन्या व्हिडिओ गेमचा पोत देतो. देवळाशी त्याचा संबंध नाही, भजनाला लावू नका.

मिक्समध्ये बसवताना

हा आवाज ४०० ते ४५०० च्या पट्ट्यात दाटीने बसतो, आणि तिथेच पेटी आणि झांजही बसलेली असतात. पेटीला दीड हजारांच्या आसपास दोन-तीन डीबी खाली घ्या, झांज थोडी बाजूला सरकवा. खालची जागा रिकामी झालेली आहे, ती पखवाजाला मोकळी सोडा. शब्द तरीही बुडत असतील तर स्वच्छ ट्रॅक फाटक्याच्या खाली बारा-पंधरा डीबीवर मिसळा. मिसळल्यावर आवाज पोकळ झाला तर फेजची, म्हणजे दोन ट्रॅकच्या लहरी एकमेकींना खोडण्याची, भानगड आहे. स्वच्छ ट्रॅकवरही तेच फिल्टर लावून बघा, किंवा एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा.

शेवटची तपासणी फोनच्या स्पीकरवर, आणि तिथे एक गंमत घडते. हेडफोनमध्ये झकास वाटलेला कर्णा फोनवर साधा गायक वाटतो. फोनचा स्पीकर स्वतःच खर्ज टाकून देतो, मग गाळणीने केलेलं काम तिथे दिसणार कसं? फोनवर टिकतात ते तीन घटक: फाट, ठणके आणि डिले. ऐकणारे बहुतेक फोनवरच ऐकणार असतील तर हे तीन हेडफोनमध्ये जरा जास्त वाटतील एवढे ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे गाण्यात तुलना ठेवणं. पहिली ओळ कर्ण्यातून येऊ द्या आणि दुसऱ्या ओळीला इफेक्ट एकदम काढून स्वच्छ आवाज पुढे आणा. सगळं गाणं कर्ण्यातून आलं तर तिसऱ्या कडव्यापर्यंत कान त्याला सरावतो आणि तो आवाज जुना वाटायचा थांबतो.

काम झालं की स्वच्छ ट्रॅक, फाटका ट्रॅक आणि साखळीचा प्रीसेट अशा तीन वेगळ्या फाइली जपून ठेवा. पुढच्या गाण्याची पट्टी बदलली की ठणक्याच्या जागा पुन्हा शोधाव्या लागतात, कट आणि डिले मात्र बहुधा तसेच चालतात.